दोन डोंगरांमधला सूर्य

पत्र :

"नमस्कार बाई. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते पाचवी, पटावर ३४ मुलं आणि शिकवायला आम्ही दोघी. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा दीड तास मी कलेसाठी ठेवते. मोबाइलवर बघून कागदी कपाचा पेंग्विन, आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम असं बरंच करून घेतलं. शाळेत केलं की ३४ पेंग्विन एकसारखे होतात, घरून करून आणायला सांगितलं की आई नाहीतर ताई करून देते. एकदा 'मनाला येईल ते काढा' म्हटलं, तर जवळजवळ सगळ्यांनी दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड काढलं. चौथीतला एक मुलगा पेन्सिल माझ्याच हातात देतो आणि म्हणतो, 'मला येत नाही, तुम्हीच काढा की टीचर.' त्यात एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या, बैठकीत एका पालकांनी विचारलं, 'कागद कातरायला पोरं शाळेत पाठवतोय काय आम्ही?' आमच्या मोठ्या बाईंना भिंतीवर नीटनेटकं काहीतरी दिसायला हवं असतं. खर्च न होता करता येतील असे दहा-बारा सोपे उपक्रम सुचवाल का?"

उत्तर :

बाई, उपक्रमांची यादी मी देणार नाही. माझ्याकडे असेल त्याहून मोठी यादी तुमच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तुमचं घोडं अडलंय ते यादीपाशी नाहीच. तुमच्या सगळ्या तक्रारी मला एकाच जागी येऊन मिळताना दिसतात : तास सुरू होण्याआधी तुम्ही टेबलावर ठेवता तो तयार पेंग्विन. नमुना समोर आला की बाईंना काय हवंय ते मुलांना कळतं. मग त्याच्यासारखं करणं तेवढं उरतं. ज्याला जमतं तो हुशार ठरतो, ज्याला जमत नाही तो पेन्सिल तुमच्या हातात देतो. घरी आई करून देते, कारण नमुना तिलाही कळलेला असतो आणि तिचा हात मुलापेक्षा चांगला चालतो.

हे मी ठेच लागून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा साहेब शाळेला भेट द्यायला येणार होते. मी दुसरीच्या मुलांकडून भेटकार्डं करून घेतली. डिंक ओघळलेला, पाकळ्या तिरक्या. मला काही ते बघवेना. रात्री घरी बसून एकेक कार्ड सोडवलं आणि पुन्हा नीट चिकटवलं. सकाळी दोरीवर टांगली, साहेब खूश झाले. मधल्या सुट्टीत एक मुलगी दोरीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. "ह्यातलं माझं कुठलं ओ बाई?" मला सांगता आलं नाही. मागे नावं घालायची राहिली होती, आणि पुढून ओळखावं असं मी काही ठेवलं नव्हतं.

आता ते दोन डोंगर. तुमच्या तालुक्यात डोंगर आहेत पश्चिमेला, म्हणजे त्यांच्यामागे सूर्य उगवायचा नाही, मावळायचा. आणि एकदा पाऊस लागला की तिकडे सूर्य दिसणं हीच बातमी असते. कणकुंबीच्या वाटेवर दिसणारा सह्याद्री त्रिकोणी नाही. लांबच लांब, जाड, हिरवा आणि अर्धा ढगात बुडालेला असतो. मुलं रोज ते बघतात, दारातला फणस बघतात, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या बघतात, आणि कागद दिला की चित्रकलेच्या वहीचं मुखपृष्ठ काढतात. "मनाला येईल ते" म्हटलं की मनाला आधी पाठ झालेलंच येतं. मोठ्या माणसांचंही तसंच. मला कोणी आयत्या वेळी "दोन शब्द बोला" म्हणालं, तर मीसुद्धा "आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष" इथूनच सुरू करते.

पण डोंगर पुसायला निघालात की आकाशाची पट्टी पुसू नका. सात ते नऊ वर्षांच्या मुलाच्या चित्रात खाली जमिनीची एक रेघ असते, तिच्यावर सगळे ओळीनं उभे असतात. आकाश म्हणजे वर एक निळी पट्टी, मधे सगळं मोकळं. घराची भिंत आरपार दिसते, आत चूल आणि आजी, आणि आजी दारापेक्षा मोठी. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं मुलांच्या चित्रांच्या वाढीच्या पायऱ्या मांडल्या, त्यात ही एक पायरीच आहे. ती चूक नाही, त्या वयाचं व्याकरण आहे. डोंगर उसने आहेत, पट्टी त्यांची स्वतःची आहे. "आकाश जमिनीला टेकतं ना रे?" असं म्हणून ती दुरुस्त करायला जाऊ नका. पुढे नऊ-दहाच्या सुमारास डोळा हाताच्या पुढे धावतो. आपण काढलेली म्हैस म्हशीसारखी दिसत नाही हे मुलाला स्वतःलाच दिसायला लागतं, आणि पुष्कळ जण तिथंच चित्र काढायचं सोडतात. तुमचा चौथीतला मुलगा त्या उंबऱ्यावर उभा आहे. तो आळशी नाही, उलट त्याची नजर तयार झालीय. त्याची पेन्सिल मात्र पुन्हा हातात घेऊ नका. काही दिवस ती दप्तरातच राहू दे.

म्हणून माझं एकच सांगणं. दहा शनिवारी दहा वस्तू करण्यापेक्षा चार शनिवार एकच वस्तू हाताळा. आणि खानापूर तालुक्यात बसून ती शोधायला लांब कशाला जायचं? माती. तुमच्याकडची कौलं आणि माठ आम्ही बेळगावात लहानपणापासून बघत आलो. कुंभारकामाचं शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगची संस्था खानापुरातच आहे. मुलांना एकदा बघायला नेता येईल का, विचारून ठेवा. वेळही बरी साधलीय. परवाच ज्येष्ठी पौर्णिमेचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला. अमावास्येला आपल्याकडची कन्नड घरं मातीचे बैल करून पुजतात, ती मण्णेत्तिन अमावास्या. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. तुमच्या मुलांना कन्नड विषय आहेच, हे दोन शब्द त्यांना फळ्यावर न लिहिताही येतील.

माती आधी तयार करावी लागते, आणि माझ्या मते निम्मा उपक्रम तोच आहे. काळ्या रानातली माती चिकट, पण वाळताना इतकी आकसते की तडकून तुकडे होतात. नुसती तांबडी भुसभुशीत माती वळतच नाही. तळ्याकाठची बघा, नाहीतर सरळ कुंभाराकडून दोन पाट्या आणा. ढेकळं आधी पूर्ण वाळवा, मग फोडून पाण्यात टाका. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं, कोरडं मात्र आपोआप विरघळतं. मुलांना हे बघायला बादलीभोवती बसवा, पाच मिनिटं कोणी बोलणार नाही. रात्रभर भिजलं की जुन्या मच्छरदाणीतून गाळा, खडे आणि मुळं जातील. गाळलेला राडा गोणपाटावर पसरून ठेवा. पावसाळ्यात घट्ट व्हायला चार दिवस जास्त लागतील, तेव्हा सोमवारीच सुरुवात करा. शेवटी चौथी-पाचवीच्या मुलांना पायानं तुडवू दे. कुंभारही तुडवतो. तयार गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला की आठवडाभर टिकतो.

पहिल्या शनिवारी काहीही बनवायचं नाही. प्रत्येकानं घरून मूठभर माती आणायची : परड्यातली, शेतातली, ओढ्याकाठची. ती भिजवून बोटाएवढी जाड वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. तडा गेला की तिच्यात वाळू जास्त किंवा पाणी कमी. कुणाच्या घरची माती न तडकता वळते यावरून मुलं भांडतील, भांडू द्या. पहिलीची पोरं या तासात नुसती थापटत बसतील, त्यांचं तेच काम. तुमची खरी कसोटी म्हणजे दीड तास संपला तरी भिंतीवर लावण्याजोगं हातात काही नसेल, आणि मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहतील.

दुसऱ्या शनिवारी बैल. किंवा म्हैस, किंवा शेळी. ज्याच्या गोठ्यात जे असेल ते. जंगलाकडच्या वस्तीवरची मुलं गवा करतील, त्यांना गवा करू दे. फळ्यावर चित्र काढू नका, पुस्तकातलं दाखवू नका. आदल्या दिवशी फक्त प्रश्न देऊन घरी पाठवा. शिंगं कुठून निघतात, कानाच्या पुढून की मागून? वशिंड पाठीच्या मधोमध असतं की मानेजवळ? बैल बसताना आधी कुठले पाय दुमडतो, आणि उठताना आधी कुठले उचलतो? उत्तरं तुम्ही सांगू नका. शनिवारी सकाळी मुलं स्वतःच चारी पायांवर येऊन दाखवतील : बसताना आधी पुढचे गुडघे टेकतात, उठताना आधी मागचे पाय उचलतात. तुमचा तो चौथीतला मुलगा शेतकऱ्याच्या घरचा असेल, तर या तासाला तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. मातीचा त्याला आणखी एक फायदा आहे. कागदावर चुकलेली रेघ खोडली तरी दिसत राहते. माती दाबली की चूक नाहीशी होते, आणि कोणी बघितलेलीही नसते.

मग तुम्ही काहीच दाखवायचं नाही का? दाखवा की. पण कृती दाखवा, वस्तू नको. दोन बिनआकाराचे गोळे घ्या, काडीनं दोन्हींवर आडव्या-उभ्या रेघा खरवडा, मधे पाण्यात कालवलेली पातळ माती लावा आणि दाबून जोडा. नुसतं चिकटवलेलं अंग वाळलं की गळून पडतं, हे दुसऱ्या जोडीवर दाखवा. पाय वेगळे करून चिकटवण्याऐवजी त्याच गोळ्यातून ओढून काढले तर जास्त टिकतात, तेही दाखवा. दाखवून झालं की गोळे मोडून बादलीत टाका आणि हात पाठीमागे बांधून वर्गात फिरा. शब्दशः बांधा, माझे हात नुसत्या निश्चयानं कधी थांबले नाहीत.

बैल कोसळतील. बारीक पायांवर जड अंग उभं राहत नाही, हे प्रत्येकाला आपापल्या बैलाकडूनच कळायला हवं. कोणी पाय जाड करतील, कोणी पोटाखाली काठी लावतील. माझ्या वर्गात एकाचा बैल तीनदा बसला. चौथ्यांदा मी जवळ गेले, तर तो मलाच समजावायला लागला, "उभा करत नाही बाई, रवंथ करालाय तो."

वाळवणं हे पावसाळ्यात जिकिरीचं. सावलीतच वाळवा, वर ओलसर फडकं टाका. एक बाजू आधी वाळली की तडा तिथूनच जातो. शेपूट, कान, शिंगं आधी वाळतात, म्हणून तेवढ्यांवर फडकं जास्त दिवस ठेवा. शाळेच्या स्वयंपाकखोलीची ऊब बरी, पण मावशींना विचारून. चुलीच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. भाजायच्या भानगडीत पडू नका. भरीव जाड गोळ्यात ओल राहिली तर भट्टीत तो फुटतो, आणि मुलाच्या बैलाचं असं होऊ नये. मोडकी अंगं पुन्हा बादलीत जातील. रडारड होईल, एकदोघांची. प्रत्येकाला एक वस्तू घरी नेऊ द्या, बाकीची माती पुढच्या आठवड्यासाठी परत भिजू दे.

तिसऱ्या शनिवारी मुलांना हवं ते करू द्या. आता "मनाला येईल ते" म्हणायला हरकत नाही, कारण मनाशी दोन आठवड्यांचं काहीतरी साठलेलं आहे. चौथ्या शनिवारी रंग. गेरू, कोळशाची पूड, पांढऱ्यासाठी रांगोळी, सगळ्यांत थोडं डिंकाचं पाणी, म्हणजे हाताला लागत नाही. हळदीचा पिवळा तर आहेच; कागदावर हळद फासून त्यावर साबणाच्या पाण्याचं बोट ओढायला सांगा, रेघ तांबडी उमटते. चुन्यानंही होतं, पण चुना लहान हातांना चटका लावतो, साबणच बरा. या एका गोष्टीनं तुमचा अर्धा तास जाईल आणि ठरवलेलं रंगकाम मागे पडेल. पडू दे.

मुलांच्या कामाबद्दल काय बोलावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. "छान" म्हणू नका. ३४ वेळा छान म्हटलं की ते हजेरीसारखं होतं. "हे काय आहे?" असंही विचारू नका, बैल केलेल्याला ते लागतं. "आधी काय केलंस, डोकं की अंग?" असं विचारा. "ही मान अशी वळवलीस, तो कुठं बघतोय?" मुलं बोलायला लागतील. ते बोलतात ते एका वाक्यात चिठ्ठीवर लिहा आणि वस्तूपुढे ठेवा : "आमचा बैल, पाणी पिऊन आलाय." पाचवीची मुलं स्वतः लिहितील, आणि त्याच चिठ्ठीच्या मागे कन्नडमध्येही लिहितील. आपल्याकडे पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून मोठी माणसं काय काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. मुलांना ठरवू द्या, ती चिठ्ठी उलटी करून मोकळी होतात.

त्या पालकांना बैठकीत उत्तर देत बसू नका. पुढच्या बैठकीला चौथी-पाचवीची वही न्या. ओल्या मातीची एक वडी थापून तिच्यावर पट्टीनं १० सेंटीमीटरची रेघ ओढायची, आणि वडी वाळल्यावर तीच रेघ पुन्हा मोजायची. ती १० राहत नाही. किती राहिली, प्रत्येकाच्या घरच्या मातीची किती, हे मुलांनी दशांशात लिहिलेलं असेल. गोळ्याचं ओलं आणि वाळलेलं वजन गावातल्या दुकानाच्या काट्यावर करून आणलेलं असेल. पालक गप्प होतात. खरं सांगायचं तर मला हे थोडं लबाडीचं वाटतं. बैल करण्याला गणिताचा दाखला का लागावा? बेळगावनं के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकलेचा शिक्षक बघितला, त्यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार रवी परांजपे याच मातीतले, तरी आपल्याकडे चित्र म्हणजे अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळाची गोष्ट. पण तुम्हाला शनिवारचा दीड तास राखायचाय, तेव्हा वही न्या.

मोठ्या बाईंशी भिंतीवरून वाद घालू नका. भिंत त्यांची राहू दे, तक्ते राहू देत. तुम्ही फक्त खिडकीचा कट्टा मागा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीचा. आणि प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळाशाळांच्या त्या सरकारी कलास्पर्धांत, मातीकामाची स्पर्धा असते हे त्यांच्या लक्षात येईलच. कोणा मुलाला हौस असेल तर जाऊ दे, पण स्पर्धेच्या तयारीसाठी शनिवारचा तास मागितला तर नाही म्हणा. दोन महिने एकच गणपती घोटून घेतला की पेंग्विन परत आलाच म्हणून समजा.

दिवाळीत किल्ले येतील, तेव्हा बेळगावातली पोरं गल्लीत चिखल कालवत असतात, तुमच्या मुलांचे हात तोवर तयार असतील. त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. ३४ जोडी मातीचे हात नळाखाली धुतले तर मोरी तुंबेल, आणि मग मात्र मोठ्या बाई खरंच रागावतील. दोन बादल्या ठेवा. पहिलीत माती सोडवायची, दुसरीत हात धुवायचे. पहिलीतलं वरचं पाणी सोमवारी ओतून द्या, खाली बसलेली माती ठेवा. ती सगळ्यांत मऊ असते, पहिलीच्या मुलांना द्या.